आयर्लंडचे अवशेष, संग्रहालयं आणि बागा: सुरुवात कुठून करावी?

नोकरीसाठी किंवा शिकायला डब्लिनला आलेली आपली मंडळी पहिल्या उन्हाळ्यात क्लिफ्स ऑफ मोहर पाहून येतात, टेंपल बारच्या लाल दारासमोर फोटो काढतात आणि "इथे पाहण्यासारखं फार काही नाही बुवा" असं ठरवून पॅरिसची तिकिटं शोधायला लागतात. भारतातून आई-बाबा आले की पुन्हा तेच कडे, तोच फोटो. यात चूक देशाची नाही, पाहण्याच्या क्रमाची आहे. इथला पडका मठ म्हणजे छप्पर नसलेल्या चार भिंती, आत गवत आणि कुंपणापलीकडे चरणारी गुरं. काय पाहायचं हे ठाऊक नसेल तर पाच मिनिटांत माणूस गाडीत परत येतो. म्हणून माझा आग्रह असतो: आधी संग्रहालय, मग वाटाड्यासकट पाहायचे अवशेष, आणि नजर थोडी तयार झाली की शेतात बेवारशी उभे असलेले अवशेष. बागा मधूनमधून केव्हाही.

पहिला शनिवार: किल्डेअर स्ट्रीट

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालयाचं पुरातत्त्व दालन मोफत आहे. राष्ट्रीय संग्रहालयाच्या सगळ्याच शाखा मोफत आहेत, पण रविवारी आणि सोमवारी त्या दुपारी एकला उघडतात. सोमवारी सकाळी दहाला दारात उभे राहिलेले पर्यटक नेहमी दिसतात, त्यांच्यात आपण नको.

आत शिरल्यावर सगळं पाहायच्या भानगडीत पडू नका. तीन ठिकाणी थांबा. पहिलं, तळमजल्यावरचं सोनं. ब्रॉयटरची सोन्याची होडी हाताच्या पंजात मावेल एवढी आहे, पण तिला वल्ह्यांपासून डोलकाठीपर्यंत सगळं आहे. १८९६ साली डेरी परगण्यात नांगरणी करताना ती सापडली. दुसरं, खजिन्याचं दालन: अर्डाचा चषक, टारा ब्रोच, काँगचा क्रूस. अर्डाचा चषक १८६८ साली लिमरिकमध्ये बटाटे खणताना मिळाला. टारा ब्रोचचा जुन्या आयरिश राजांच्या टारा टेकडीशी काही संबंध नाही, तो समुद्रकाठी बेटिसटाउनला सापडला आणि एका सराफानं चांगलं खपेल असं नाव त्याला देऊन टाकलं. त्यावरचं नक्षीकाम भिंगाशिवाय पुरतं दिसतच नाही. त्याच्या मागच्या बाजूलाही तितकंच बारीक काम आहे, तेव्हा पेटीला वळसा घालायला विसरू नका.

तिसरं, दलदलीत सापडलेली माणसं. आयर्लंडच्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) दलदलींत प्राणवायू जवळजवळ नसतो आणि पाणी आम्लयुक्त असतं, त्यामुळे लोहयुगात मारून तिथे टाकलेल्या माणसांची कातडी, केस, नखंसुद्धा टिकून राहिली आहेत. क्लोनिकॅव्हन मॅन आणि ओल्डक्रोहन मॅन हे दोघंही २००३ साली मिळाले. एकाच्या केसांना झाडाच्या चिकाचं जेल लावलेलं होतं आणि तो चीक फ्रान्स-स्पेनकडून आलेला होता. दुसऱ्याची नखं इतकी नीटनेटकी की त्यानं अंगमेहनत केली नसावी. ते गोल कप्प्यांत ठेवलेत, आपण आत गेल्याशिवाय दिसत नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर बाहेरच ठरवा आत न्यायचं की नाही.

वेळ उरला तर डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी पाहा. तेही मोफत. खाणींत पैसा केलेल्या या अमेरिकन संग्राहकानं १९५०मध्ये डब्लिनला मुक्काम हलवला आणि आपला संग्रह इथेच ठेवला. त्यात मुघल लघुचित्रं उत्तम आहेत. कागदाला प्रकाश सोसत नाही म्हणून चित्रं आलटून पालटून मांडतात, त्यामुळे दुसऱ्यांदा गेलात तर दुसरीच दिसतील. ट्रिनिटी कॉलेजातलं बुक ऑफ केल्स मात्र पैसे देऊन पाहावं लागतं. इ. स. ८००च्या आसपासचं ते हस्तलिखित थोर आहे यात वाद नाही, पण महिनाअखेरीला खिसा बघून ठरवायचं असेल तर ते मागे टाकलं तरी चालेल.

कार्ड, तिकीट आणि पहिला बुधवार

देशातल्या बहुतेक सरकारी वारसास्थळांचा कारभार ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्सकडे आहे. सगळे ओपीडब्ल्यू म्हणतात. त्यांचं हेरिटेज कार्ड प्रौढांना ४० युरोच्या आसपास, विद्यार्थ्यांना १० आणि कुटुंबाला ९० पडतं. पहिल्यांदा वापरल्यापासून वर्षभर चालतं. पाच-सहा ठिकाणं झाली की पैसे वसूल. कार्ड कुठल्याही मोठ्या स्थळाच्या खिडकीवर मिळतं. ब्लार्नी, पॉवर्सकोर्ट, बनराटी, बुक ऑफ केल्स यांना ते चालत नाही, कारण ती ओपीडब्ल्यूची नाहीत.

कार्ड काढायचं नसेल तर महिन्याचा पहिला बुधवार धरा. ओपीडब्ल्यूच्या बऱ्याच स्थळांवर त्या दिवशी प्रवेश फुकट असतो. बुधवारी रजा काढणं नोकरदाराला अवघड, पण विद्यार्थ्यांना आणि पाहुण्या आलेल्या आई-बाबांना सहज जमतं. ऑगस्टच्या मध्यात हेरिटेज वीक असतो, तेव्हा एरवी बंद असलेल्या घरांची, चर्चची, गिरण्यांची दारंही उघडतात आणि गावातले जाणकार फुकट फिरवून आणतात. हा आठवडा चुकवू नये.

दोन ठिकाणी "जाऊ तेव्हा बघू" चालत नाही: किलमेनम जेल आणि न्यूग्रेंज हे अश्मयुगातलं थडगं. कार्ड असलं तरी वेळ आधी आरक्षित करावीच लागते. किलमेनमची तिकिटं सहसा २८ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि उन्हाळ्यात भराभर संपतात. हा तुरुंग १७९६ ते १९२४ चालला. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६च्या उठावाच्या चौदा नेत्यांना याच्या दगडफोडीच्या अंगणात गोळ्या घातल्या. त्यांच्यातले जेम्स कॉनोली इतके जखमी होते की त्यांना खुर्चीला बांधून मारलं. त्या आधीपर्यंत डब्लिनकरांना उठावाचं फारसं कौतुक नव्हतं, मे महिन्यातल्या त्या गोळ्यांनी लोकमत फिरलं. त्याच वर्षांत आपले पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी डब्लिनला कायदा शिकत होते. वाटाडे इथे फार चांगलं बोलतात, पण उच्चार भराभर असतो. पुढे उभे राहा आणि कळलं नाही तर बिनधास्त विचारा.

पहिल्या तीन सहली

माझा क्रम असा: ग्लेंडालॉक, न्यूग्रेंज, क्लॉनमॅकनॉइज. तिन्ही डब्लिनहून एकेका दिवसात होतात.

ग्लेंडालॉक विकलो परगण्यात, दोन तळ्यांच्या दरीत. सहाव्या शतकात संत केव्हिननं इथे मठ स्थापन केला. डब्लिनहून सेंट केव्हिन्स बस थेट जाते. मठाचे अवशेष मोफत आहेत, पैसे माहिती केंद्राचे आणि पार्किंगचे. आधी माहिती केंद्रात अर्धा तास घाला, मग दुहेरी कमानीच्या दरवाजातून आत जा. आत शिरताच उजव्या भिंतीत क्रूस कोरलेला एक मोठा दगड दिसेल. तिथून पुढे मठाची हद्द, म्हणजे आसरा मागणाऱ्याला अभय. बहुतेक लोक त्याच्याकडे न पाहता पुढे जातात.

न्यूग्रेंज इ. स. पूर्व ३२००च्या सुमाराचं. थेट थडग्याच्या टेकाडापाशी गाडी नेता येत नाही. डोनोर गावाजवळच्या केंद्रातूनच बस सोडतात. रेल्वेनं ड्रॉहेडापर्यंत यायचं आणि पुढे टॅक्सी करायची हे सोपं पडतं. आतला दगडी बोळ १९ मीटर लांब आहे, काही ठिकाणी अंग तिरकं करून, डोकं वाकवून जावं लागतं. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरच थांबावं, बाहेरच्या कोरीव शिळाही पाहण्यासारख्या आहेत. आत फोटो काढू देत नाहीत. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतो आणि साधारण १७ मिनिटं राहतो. पुरातत्त्वज्ञ मायकल ओकेली यांनी १९६७ साली तो आत बसून पाहिला. त्या सकाळींसाठी सोडत काढतात, अर्ज फुकट असतो, तेव्हा टाकून ठेवा. एरवी वाटाडे दिवे घालवून विजेच्या दिव्यानं तो किरण दाखवतात. ऐकायला पोरकट वाटतं, पण अंधार पडला की अख्खा गट गप्प होतो.

गाडी असेल तर त्याच दिवशी मोनास्टरबॉइस करा. जुन्या दफनभूमीत उभा असलेला मुरडॅकचा क्रूस साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे आणि तिकीट नाही. तो चित्रकथेसारखा चौकटीचौकटीनं पाहायचा: हव्वा आणि सफरचंद, काइन आणि हाबेल, मधोमध शेवटचा न्याय. पायथ्याशी दोन मांजरी कोरल्यात, एक पिल्लाला चाटतेय. कललेल्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो.

क्लॉनमॅकनॉइज हा जुना मठ शॅनन नदीच्या काठी, अथलोनजवळ. बाहेर उभे असलेले क्रूस नकला आहेत, खरे पावसापासून वाचवायला आत नेलेत, म्हणून आतलं दालन आधी. मोठ्या चर्चच्या उत्तर दारापाशी दोघांनी दोन बाजूंना तोंड भिंतीकडे करून उभं राहावं आणि हळूच बोलावं. कमानीच्या खोबणीतून आवाज पलीकडे ऐकू येतो. पोरं इथून हलत नाहीत.

पडकी भिंत वाचायची कशी

हे एकदा जमलं की देशातली कुठलीही वाट कंटाळवाणी राहत नाही.

उंच, निमुळता, एकटाच गोल मनोरा दिसला तर तो साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातला मठ समजा. मनोऱ्याचं दार जमिनीपासून दोन-तीन मीटर वर असतं. व्हायकिंग आले की भिक्षू शिडी ओढून आत लपत, अशी गोष्ट सगळीकडे ऐकाल. थोडंफार तसं झालंही असेल, पण मनोरा मुख्यतः घंटेसाठी होता आणि आग लागली तर तो धुराड्यासारखा पेटे. पाया उथळ असल्यानं दार वर ठेवण्यात बांधकामाची सोय होती. ग्लेंडालॉकचा मनोरा ३० मीटर आहे. वर चार दिशांना चार खिडक्या मोजा.

चौकोनी अंगण आणि त्याभोवती ओवऱ्या दिसल्या तर युरोपहून आलेले भिक्षुसंघ, म्हणजे ११४२ नंतरचं काही. मेलिफाँट हा सिस्टर्शियनांचा इथला पहिला मठ. किलकेनीतल्या जेरपॉइंटच्या ओवरीत खांबांवर सरदार, बायका, संत कोरलेत, ते जवळून पाहा. चर्चच्या मधोमध सडपातळ चौकोनी मनोरा असेल तर बहुधा फ्रान्सिस्कन. गॉलवेतल्या हेडफर्डजवळचा रॉस एरिली माझा सर्वांत आवडता. तिकीट नाही, पहारा नाही, आणि स्वयंपाकघर जवळपास शाबूत: भट्टी आहे, जिवंत मासे ठेवायचं दगडी टाकं आहे. राजवाड्यांपेक्षा हे टाकं पाहून त्या काळची माणसं जास्त कळतात, असं माझं मत.

छप्परं कुठे गेली? इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं १५३०च्या दशकाच्या अखेरीपासून मठ बंद केले, पुढे इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या स्वाऱ्या झाल्या. शिसं, लाकूड, घंटा नेल्या गेल्या. लोकांनी मात्र आपली माणसं तिथेच पुरणं चालू ठेवलं. म्हणून आठशे वर्षांच्या भिंतीला टेकून गेल्या वर्षीचं चकचकीत थडगं असतं. तिथे ताजी फुलं असतील तर आवाज कमी करा, थडग्यांवर बसून डबा उघडू नका.

शेतात एकटाच उभा चौकोनी, अरुंद खिडक्यांचा बुरूज म्हणजे टॉवर हाउस, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जमीनदाराचं घर. आत जाता आलं तर दाराच्या आतल्या बाजूला मान वर करा. आत घुसणाऱ्यावर दगड टाकायचं भोक दिसेल. मग दगडी छताच्या खालच्या बाजूला पाहा. कमान रचताना खाली वेताच्या विणलेल्या चटया लावत, त्यांच्या विणीचे ठसे चुन्यात अजून आहेत.

गवताचा गोल बांध, कधी त्यावर काटेरी झाडं, म्हणजे रिंगफोर्ट, मध्ययुगाच्या सुरुवातीच्या शेतकऱ्याचं वाडीघर. देशभर असे सुमारे ४५,००० आहेत. ही परीलोकांची जागा, तिथलं झाड तोडू नये, अशी समजूत होती आणि तिनं कायद्याइतकंच हे बांध राखलेत.

शेतातले अवशेष शोधताना

तपकिरी पाट्या वारसास्थळं दाखवतात, पण त्यांच्यावर विसंबलात तर निम्मंअधिक सुटेल. नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसचा हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर हा मोफत ऑनलाइन नकाशा उघडा. आपण राहतो त्या भागावर मोठं करून पाहिलं की ठिपकेच ठिपके. एखाद्या ठिपक्यावर दाबलं की ते काय आहे ते कळतं. ठिपका आहे म्हणजे जायला परवानगी आहे असं मात्र नाही. आयर्लंडमध्ये खासगी जमिनीतून मोकळं फिरायचा सर्वसाधारण हक्क नाही. जवळच्या घरी विचारा. बहुतेक शेतकरी हो म्हणतात आणि वर दोन गोष्टी सांगतात. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, कुत्रा न्यायचा नाही, वासरांच्या मधून जायचं नाही.

भिंतींवर चढू नका, दगड हलवू नका. परवान्याशिवाय मेटल डिटेक्टरनं जुन्या वस्तू शोधणं गुन्हा आहे. चुकून काही दिसलंच तर जागेवर ठेवून राष्ट्रीय संग्रहालयाला कळवायचं.

बागा

पहिली बाग ग्लॅस्नेव्हिनची नॅशनल बोटॅनिक गार्डन्स. स्थापना १७९५, प्रवेश मोफत, जमीन सपाट, बाकडी भरपूर. आई-बाबांसाठी याहून सोयीची जागा डब्लिनमध्ये नाही. पावसात रिचर्ड टर्नरनं बांधलेल्या लोखंड-काचेच्या घरात आणि पाम हाउसमध्ये शिरा. केळ दिसली की आई हमखास थांबते. १८४५च्या ऑगस्टमध्ये याच बागेत डेव्हिड मूर यांना बटाट्यावरचा करपा दिसला. त्यातून पुढे जो दुष्काळ पडला त्यात सुमारे दहा लाख माणसं गेली. शेजारच्या दफनभूमीत बागेतूनच दार आहे.

ल्युटेन्स हे नाव आपल्याला नवी दिल्लीमुळे माहीत. इंडिया गेट उभारणाऱ्या या माणसानं आयलंडब्रिजला पहिल्या महायुद्धातल्या आयरिश सैनिकांचं स्मारक-उद्यान केलं आणि लीश परगण्यातल्या हेवूडची बागही आखली. दोन्ही मोफत, दोन्हीकडे गर्दी नाही. जून-जुलैत आयलंडब्रिजचे गुलाब पाहा.

कॉर्कमधल्या ग्लेनगॅरिफसमोरचं इल्नाकलिन बेट लांब आहे, पण वाटेत खडकांवर सील दिसतात. बेटावरचा प्रवेश आणि होडीचं भाडं वेगळं, हेरिटेज कार्ड होडीला चालत नाही. ऱ्होडोडेंड्रॉन पाहायचे तर एप्रिल-मेमध्ये विकलोतलं किलमॅकरा.

हवा, पोट आणि गाडी

छत्री घरी ठेवा, वारा उलटी करतो. पाणी न शिरणारं जाकीट आणि पकड असलेले बूट घ्या, ओलं गवत निसरडं असतं. अनेक लहान स्थळं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंद असतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या पाऊण-एक तास आधी होतो. निघण्यापूर्वी हेरिटेज आयर्लंडच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ पाहा. मोठ्या केंद्रांत सूप, ब्राउन ब्रेड, स्कोन मिळतं. शाकाहारी असाल तर सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा, भाज्यांच्या सूपमध्येही चिकनचा स्टॉक असू शकतो. शेतातल्या अवशेषांपाशी दुकानही नाही आणि स्वच्छतागृहही नाही. दशम्या, चटणी आणि थर्मासमधला चहा बरा.

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे सवय लवकर होते. पाहुणा म्हणून आलेल्याला वैध भारतीय परवान्यावर चालवता येते. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगा. गावाकडच्या लहान रस्त्यांची वेगमर्यादा २०२५ पासून ८० वरून ६० झाली आहे आणि समोरून ट्रॅक्टर आला की ६० सुद्धा जास्त वाटतात. डब्लिनभोवतीच्या एम-५० महामार्गावर टोलनाका नाही. टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरायचा.

स्केलिग मायकल, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटावरचा जुना मठ, पहिल्या वर्षीच करायचा हट्ट धरू नका. केरीच्या किनाऱ्यापासून होडीनं जायचं, कठडे नसलेल्या ६१८ पायऱ्या चढायच्या, वर स्वच्छतागृह नाही आणि समुद्र खवळला की फेरी रद्द. हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच. जाणार असाल तर तिकडे दोन-तीन दिवस राखीव ठेवा, आई-बाबांना किनाऱ्यावरच थांबवा.

राहिला उत्तर आयर्लंड. डेरीचा तट, जायंट्स कॉजवे, माउंट स्टुअर्टची बाग हे सगळं सीमेपलीकडे, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. रस्त्यावर फाटक नाही, कुणी पासपोर्ट पाहत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की चालतं. चालत नाही. भारतीय पासपोर्टवर तिथे यूकेचा व्हिसा लागतो, मग तुमच्याकडे आयर्लंडचं आयआरपी कार्ड (इथे राहण्याचा परवाना) असो वा नसो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असा शेरा असेल तर त्यांना दोन्हीकडे जाता येतं. म्हणजे कधीकधी आई-बाबा कॉजवेला जाऊ शकतात आणि तुम्ही नाही. बस ठरवण्यापूर्वी प्रत्येकाचा व्हिसा उघडून तो शेरा वाचा.